वैजूभाऊंचे दोन ग्लास

आमच्या कलर लॅबमधल्या सर्व्हरवर स्टीलचे दोन ग्लास कायम ठेवलेले असतात. खालचा उपडा, वरचा त्याच्या बुडावर कसाबसा टेकवलेला. त्यातनं पाणी प्यायला जाणाऱ्याची खैर नाही. एकदा एका नवीन फोटोग्राफरनं वरचा ग्लास उचलला, तर आतल्या खोलीतनं वैजूभाऊ असे धावत आले की तो बिचारा ग्लास हातात धरूनच "पिलो न्हाई, पिलो न्हाई" म्हणत रस्त्यावर गेला.

वैजूभाऊ म्हणजे वैजनाथ, आमचा सर्व्हर सांभाळणारा माणूस. लातूर-नांदेडकडचे फोटोग्राफर लग्नं काढतात, फोटो आमच्याकडं पाठवतात आणि मी त्यांचे अल्बम बनवते. तोवर त्या सगळ्या नवऱ्या-नवरदेवांचा जीव वैजूभाऊंच्या सर्व्हरमध्ये असतो. ग्लास कशाला, असं मी लॅबमध्ये आल्या आल्या विचारलं होतं.

"जमीन जरा जरी हलली की वाजतोय, ताई."

"भाऊ, हितं जमीन न्हाई हलत. पगाराचं नाव काढलं की मालक तेवढे हलतात."

ते हसले नाहीत. "गॅरंटी कुनाची हाय?" म्हणाले आणि वरचा ग्लास केसभर सरकवून नीट केला.

हे त्यांचं पालुपद. चहा चांगला झालाय का? गॅरंटी कुनाची हाय. आज लाईट जाणार नाही म्हणतात. गॅरंटी कुनाची हाय. चाळिशीला टेकलेला हा बारकुडा माणूस पंख्याखाली बसत नाही आणि हॉटेलात गेला तर दाराजवळचंच टेबल धरतो. कागदाचे जड रोल आमच्याकडं फळीवर नसतात, सगळे जमिनीवर. मी रोज त्यांना अडखळते आणि रोज वैजूभाऊंचा उद्धार करते. मावशीनं वाढवलेला माणूस, तिनंच एकदा लग्नाचं मनावर घेतलं. निलंग्याकडं मुलगी बघायला गेले. घर माळवदाचं होतं, दगडमातीच्या छताचं. हे उंबऱ्यात थबकले आणि म्हणाले, "मी भायेर अंगनात बसतो, पोरीला हितंच बोलवा." मुलगी काही अंगणात आली नाही. पोहेही आले नाहीत म्हणे.

असल्या माणसाच्या हातात मालकांनी नवी डिस्क पास करायचं काम दिलं, आणि आमच्या सगळ्यांच्या जिवाला घोर लागला.

झालं असं की उन्हाळा सुरू झाला. आमच्या जुन्या डिस्का एकेक छोट्या विटेएवढ्या. दुपारी खोलीत पाऊल टाकलं की भाजून निघायचं. त्यात लाईट गेली की इन्व्हर्टर त्यांच्यापुढं हात टेकायचा. म्हणून मालकांनी नांदेडच्या डीलरकडनं एक नवी डिस्क ट्रायलला मागवली. खास सर्व्हरसाठीची, पत्त्यांच्या कॅटाएवढी, लाईट कमी खाणारी, न तापणारी.

"वैजनाथ, बघून घे," मालक म्हणाले. "तू पास म्हनलास की सगळ्याच बदलू. जुन्या पुसून एक्स्चेंजमधी देऊ."

डिस्क घेऊन आलेला सेल्समन मोठा बोलघेवडा. "साहेब, बिनधास्त घ्या. तीन वर्षांची वॉरंटी."

"डिस्कची का आतल्या फोटोची?"

"डिस्कची हो. बिघडली तर बदलून नवी देतो."

"कोरी?"

"कोरीच की."

"म्हंजी नवरीला काय सांगू? बाई, डिस्क बदलून आलीय, तू लगीन पुन्यांदा लाव?"

सेल्समनला ठसका लागला. त्यानं पाण्यासाठी सर्व्हरवरच्या ग्लासाकडं हात नेला, आणि मी डोळे मिटून घेतले.

मग सुरू झाली परीक्षा. वैजूभाऊ तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा डिस्कला दर थोड्या वेळानं हात लावायचे. जुनी किती लाईट खाते, नवी किती, हे मीटर लावून बघायचे. उदगीरचं एकच लग्न जुन्या डिस्कवरनं नवीवर, नवीवरनं परत जुनीवर, असं फिरवायचे आणि मग फोटो न् फोटो उघडून बघायचे. त्या उदगीरच्या नवरीला इतक्या वेळा सासरी पाठवली आणि इतक्या वेळा माघारी आणली की मला तिची दया यायला लागली. खोलीचा एसी मुद्दाम बंद करून घामाघूम होत बसले. एक दिवस तर मला हाक मारली.

"ताई, हितं सर्व्हरपाशी जरा उड्या मारा."

"काय?"

"जरा वजनदार मानूस पायजे. हादरा बसला की डिस्क कशी वागते बघायचंय."

मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण उड्या मारल्या. ग्लास खणाखणा वाजला, डिस्क चालत राहिली.

आणि ती वरात! आमच्या रोडवरनं डीजे यायला लागला की सगळी गल्ली खिडक्या लावून घेते. वैजूभाऊंनी सताड उघडल्या. "मोठ्या आवाजानं डिस्क बावचळती, ताई. बगू या." भिंती थरथरायला लागल्या, वरचा ग्लास नाचत नाचत खाली पडला. मालक केबिनमधनं कान दाबून ओरडत होते आणि वैजूभाऊ स्क्रीनला नाक लावून बसले होते. डिस्क जरा मंदावली, डीजे चौकात गेला तशी सावरली. एकही फोटो बिघडला नव्हता. भाऊंच्या तोंडावर मी पहिल्यांदाच समाधान बघितलं.

"झाली का मग पास?" मी विचारलं.

"चांगली हाय. थंड ऱ्हाती, लाईट कमी खाती, इन्व्हर्टर लई वेळ टिकतो."

"मग सांगा की मालकांना."

भाऊंनी ग्लास उचलला, पुसला, परत ठेवला.

दिवसावर दिवस जायला लागले. मालक रोज विचारायचे, हे रोज म्हणायचे, "अजून बगायलाव." माझा जीव टांगणीला. लग्नसराई भरात, रोज नवीन फोटो येऊन पडतायत आणि ते ज्या डिस्कांवर पडतायत त्या तव्यासारख्या तापलेल्या. उद्या काही झालं तर लोकं वैजूभाऊंना नाही, काउंटरवर बसलेल्या मला धरणार. शेवटी मीच खनपटीला बसले तेव्हा भाऊ बोलले.

"डिस्क लहान हाय ना ताई, तिच्यात मावतं बी कमी. सगळ्या बदलल्या की जुनी लग्नं बसत न्हाईत. मालक म्हनतेत, अल्बम देऊन झालेलं समदं पुसून टाक."

"मग टाका की! लोकांनी अल्बम नेले. त्या जुन्या फोटोंना विचारतंय कोण?"

"विचारत न्हाई कुनी," ते म्हणाले. "विचारायला यील तवा नसले तर?"

मला राग आला. आजच्या नवऱ्यांचे फोटो धोक्यात, आणि हा माणूस जुनं गाठोडं सोडायला तयार नाही!

आणि मग तेच झालं ज्याला मी भीत होते. एका सकाळी जुन्या सर्व्हरवर लाल दिवा लागला. एक डिस्क गेली. वैजूभाऊंनी मला समजावलं: एक गेली तर बाकीच्या सांभाळून घेतात, दुसरी गेली तर सगळंच जातं. नवं, जुनं, सगळंच.

मालक आले, दिवा बघितला आणि त्यांचा तोल सुटला. "तुला किती दिवस झाले सांगायलोय! पास हाय का न्हाई?"

"पास हाय, मालक. आजच मागवा. लावतो बी मी. पर जुनं पुसायचं काम माज्याच्यानं व्हनार न्हाई."

"का? तुझ्या बापाचे फोटो हायत का त्यात?"

"बापाचे न्हाईत," वैजूभाऊ म्हणाले, आणि खाली मान घालून आत गेले.

डीलरनं बाकीच्या डिस्का नांदेडहून लातूरच्या एसटीत कंडक्टरच्या हवाली केल्या. ती दुपार मी जन्मात विसरणार नाही. दुसरा दिवा लागतो की काय म्हणून मी दिव्याकडं बघतेय, आणि वैजूभाऊ कंडक्टरला फोन करतायत. "कंडक्टर मामा, खाली ठिवू नका. मांडीवर घ्या." गाडी लोह्याला आली, फोन. "खड्डा आला की जरा उचलून धरा." अहमदपूरला आली, फोन. पलीकडनं आवाज मलासुद्धा ऐकू आला, "अहो, तिकिटं फाडू का तुमचं लेकरू संभाळू?" चाकूरच्या पुढं कंडक्टरनं फोनच उचलला नाही, तर ह्यांनी गाडी उलटली असंच धरलं. मी म्हटलं, भाऊ, शुभ बोला. म्हणाले, "गॅरंटी कुनाची हाय?" पण ह्यावेळी मला हसू आलं नाही.

गाडी आली. कंडक्टरनं खोकं खरंच मांडीवर आणलं होतं. भाऊंनी नव्या डिस्का लावल्या, पहिल्यांदा चालू सीझनची लग्नं उतरवायला घेतली आणि आम्ही दोघं सर्व्हरसमोर फरशीवर बसलो. करण्यासारखं काही नव्हतं. फक्त थांबायचं होतं.

"ताई, आमचं गाव औशाकडचं," ते एकदम म्हणाले. "भूकंपात गेलं. मी मावशीकडं होतो म्हनून वाचलो. आमचं घर माळवदाचं होतं."

मला निलंग्याची ती मुलगी आठवली, ते अंगण आठवलं.

"लई लहान होतो. मायचा आवाज ध्यानात हाय, हात ध्यानात हाय. तोंड येत न्हाई डोळ्यापुढं. घरात एक फोटो न्हवता. मग मावशीला आठवलं, भूकंपाच्या आधी नात्यातल्या एका लग्नात माय वाढायला उभी होती. तालुक्याचा फोटोवाला आलता. गेलो आमी त्याच्याकडं, मावशीचं बोट धरून. चांगला मानूस होता. आमाला चहा पाजला आन् म्हनला, जुन्या निगेटिव्ह दिवाळीच्या साफसफाईत टाकून दिल्या, कुनी विचारायला येत न्हवतं."

समोर स्क्रीनवर एकेक लग्न उतरत होतं.

"नवरा-नवरीचे फोटो समद्यांकडं असतेत, ताई. मागं ज्या वाढायलेल्या असतेत, कुनाचं लेकरू घेऊन उभ्या असतेत, त्यांचा येगळा फोटो कुनी काढलेला नसतो. त्यांचा तेवढाच." मग ते उठले, जुन्या फोटोंतला एक उघडला. "ही बगा."

माझ्या चुलत बहिणीचं अहमदपूरचं लग्न. नवरी हललेली, म्हणून तो फोटो अल्बममध्ये गेलाच नव्हता. आणि मागं, मांडवाच्या खांबाजवळ, माझी आई. काखेत कुणाचं तरी लेकरू, पदर तोंडाला, आणि खळखळून हसतीय. माझी आई फोटोत कधी हसत नाही. कॅमेरा दिसला की पोलिसात जबाब द्यायला बसल्यासारखी होते.

"तुमाला कसं कळलं ही माझी आई?"

"त्या हुरडा घिऊन आलत्या की लॅबमधी. मला बी दिला होता," भाऊ म्हणाले. "तीन जागी ठिवलाय हा फोटो. तुमच्या फोनमधी हाय का त्यांचा एखादा?"

मी फोन काढला. माझे होते, पोरांचे होते, जेवणाच्या ताटांचे होते. आईचे दोन-तीन होते, सगळे जबाब देतानाचे.

सीझनची सगळी लग्नं धडपणे उतरली. दुसरा दिवा लागला नाही. सकाळी मालक एक्स्चेंजचं खोकं शोधत आले, तेव्हा मी त्यांच्या वाटेत उभी राहिले. मी, जी रोज पुसा पुसा म्हणत होते!

"मालक, जुन्या डिस्का जाणार नाहीत. बंद करून ठेवू, बंद डिस्क लाईट खात नाही. काय नुकसान व्हायचं ते होऊ द्या."

"तू बी?" मालक वैतागले. आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. भाऊंनी मान वर केली नाही. भाऊंच्या गावाचं मालकांना ठाऊक होतं, काल त्यांचा बाप काढला ते मालकांनाही लागलं असावं. "ठिवा कुठं ठिवायच्या त्या! माझ्या डोक्यावर ठिवा!"

"डोक्यावर न्हाई, मालक," वैजूभाऊ कळवळून म्हणाले. "डोक्यावर वजन न्हाई ठिवायचं कंदी."

मालक हसायला लागले आणि मग एकाएकी थांबले. एवढंच म्हणाले, "बरं. खाली ठिव."

आता त्या डिस्का पत्र्याच्या ट्रंकेत, माझ्या टेबलाखाली असतात. मला पाय पसरायला जागा नाही आणि त्याबद्दल मी वैजूभाऊंना रोज ऐकवते. नवा सर्व्हर थंडगार आहे, आवाजसुद्धा करत नाही. त्याच्यावर दोन ग्लास आहेत. ट्रंकेवर आणखी दोन ठेवलेत, ते मी घरून आणले.

काल दुपारी ग्लास वाजला. बाहेरनं ट्रक गेला असेल. वैजूभाऊ डबा खायला गेले होते. मी आधी ट्रंकेवर हात ठेवला, मग आईला फोन लावला.