नीलांबरी डॉक्टर शोधते

बाळांनो, एका जंगलात एक लांडोर राहायची. नाव नीलांबरी. पण ती अंड्यातून बाहेर आली तेव्हा सगळ्यांनी ठरवलं, हा मोर आहे. आईबापांनी हौसेने नीलकंठ नाव ठेवलं. पिसारा फुटला तशी आई दृष्ट काढायची आणि नीलांबरी झुडपामागे तोंड लपवायची. आपण लांडोर आहोत हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ते चारचौघांत सांगायला मात्र अर्धं तारुण्य गेलं.

त्या जंगलात पिसारा उतरवायचं औषध होतं. फक्त ते डॉक्टरने तपासून द्यावं लागे. डॉक्टरही भरपूर होते. मग अडचण कसली, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही लहान आहात.

नीलांबरी आधी डॉक्टर गेंड्यांकडे गेली.

"या नीलकंठराव, काय होतंय?"

"नीलांबरी," ती हळूच म्हणाली. "मला पिसाऱ्याचं औषध हवंय."

"लग्न झालंय?"

"नाही."

"मग करून टाका. खूळ जाईल."

झाली तपासणी. नाडीसुद्धा पाहिली नाही.

मग ती डॉक्टर बगळ्यांकडे गेली. हे सुधारलेले. दवाखान्याच्या दारावर इंद्रधनुष्य रंगवलेलं, खाली 'सर्वांचे स्वागत'. बगळ्यांनी स्वागत केलंच. शिकाऊ बगळ्यांना हाक मारली, "या रे, पाहून घ्या, असं पुन्हा मिळायचं नाही." सगळ्यांनी पिसारा उचलून पाहिला. नीलांबरी मान खाली घालून उभी राहिली.

"तुम्हाला माझा मनापासून पाठिंबा आहे," बगळे शेवटी म्हणाले. "औषध तेवढं माझ्याकडे मागू नका. बाकीचे रोगी काय म्हणतील?"

वडाखाली एक कोल्हा पिसाऱ्याचं औषध म्हणून कसलासा पाला विकायचा. त्याने काहीच विचारलं नाही. नीलांबरी तो पाला खाऊ लागली. उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे पडले, फांदीवर उडून बसण्याचीही ताकद राहिली नाही. तिची मैत्रीण टिटवी तिला गेंड्यांकडे घेऊन गेली. ते दारातूनच म्हणाले, "हे त्या खुळाचंच. मी हात लावणार नाही."

टिटवीने तिला आधार देत, थांबत थांबत नदीपलीकडे नेलं. तिथे साळिंदरबाई नावाच्या नव्या डॉक्टर आल्या होत्या.

"नाव काय गं तुझं?" त्यांनी विचारलं.

"नीलांबरी."

"बरं, नीलांबरी. उलट्या कधीपासून होताहेत?"

नीलांबरीला रडूच फुटलं. साळिंदरबाईंनी तिला रडू दिलं. मग त्यांनी पोट दाबून पाहिलं, पाला बंद केला, पथ्य सांगितलं. ती बरी झाल्यावर पिसाऱ्याचं औषध सुरू केलं. पुढच्या हंगामात लांब पिसं गळली ती पुन्हा आली नाहीत. नीलांबरी नदीच्या पाण्यात स्वतःकडे बघत राहिली. टिटवीला शेवटी ओरडावं लागलं, "अगं, पुरे आता!"

बातमी पसरली. जी जनावरं आजवर गुहेत तोंड लपवून बसली होती, ती साळिंदरबाईंच्या दारात येऊ लागली.

तेव्हा डॉक्टरांची जाहीर सभा भरली. गेंडे उठले. "पूर्वी आपल्या जंगलात असलं एकही जनावर नव्हतं. ही बाई आली आणि रांग लागली. म्हणजे रोग हिनेच आणला!"

नीलांबरी उभी राहिली. "डॉक्टर, मी आधी तुमच्याकडेच आले होते."

"तुम्ही? छे! माझ्याकडे कुणी नीलकंठराव आले होते. ते परत दिसले नाहीत. म्हणजे बरे झाले."

टाळ्या पडल्या. साळिंदरबाईंचा दवाखाना बंद करायचा ठराव आला. बगळ्यांचे डोळे पाणावले आणि पाणावल्या डोळ्यांनी त्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं.

साळिंदरबाई डोंगरापलीकडे निघून गेल्या. त्यांच्या मागोमाग नीलांबरी, टिटवी आणि ती सगळी रांगही गेली. इकडे डॉक्टरांनी जंगल रोगमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

तात्पर्य : चांगला डॉक्टर आला की रोगी दिसू लागतात. म्हणून जंगल निरोगी ठेवायचं असेल, तर डॉक्टर वाईटच नेमावेत.