क्लेलियाबाईंची लाल छत्री

"गाईड कशाला हवाय, क्लेलियाबाई? आमच्या सात पिढ्या रोमच्या. इथला दगड न् दगड मला ओळखतो," ओरेस्तेने छाती फुगवून सांगितलं.

दगड ओळखत असतीलही. ओरेस्तेला मात्र त्यातला एकही ठाऊक नव्हता. जन्मभर ट्राम चालवताना कलोसियम त्याने रोज पाहिलं, पण ते वळण जवळ आल्याची खूण म्हणून. आत कधी पाऊल टाकलं नाही. असल्या ठिकाणी पाहुण्यांनी जायचं असतं, अशी रोमकरांची समजूत.

पण तुरीनहून आलेल्या या विधवा बाईंवर त्याचा जीव जडला होता. संध्याकाळच्या गाडीने त्या परत जाणार होत्या आणि त्याआधी लग्नाचं विचारायचं होतं. तेव्हा छाप पाडणं भाग होतं.

उन्हासाठी आणलेली बाईंची लाल छत्री मिटून त्याच्या हातात होती. बस दिसताच त्याने ती उंच केली. रोममध्ये खूण केल्याशिवाय बस थांबतच नाही. ही खूण करूनही थांबली नाही. थांबले ते आपला गाईड हरवलेले डच प्रवासी. गाईड लोक अशीच छत्री उंच धरून पुढे चालतात; ती दिसली आणि सगळा घोळका ओरेस्तेच्या मागे लागला.

त्यांना इटालियनचं अक्षर कळत नव्हतं, पण ओरेस्ते बोट दाखवेल त्याचे ते फोटो काढत. मग काय, जुन्या अवशेषांपाशी पोचेपर्यंत गड्याला चेवच चढला.

"हे तीन खांब बघा. यांना दोरी बांधून सीझरची बायको कपडे वाळत घालायची."

"काका, परवाना दाखवा." समोर पोलीसबाई उभ्या.

"कसला परवाना? मी गाईड नाही हो."

"हातात छत्री, मागे एवढी फौज, आणि म्हणे गाईड नाही. दंड भरावा लागेल."

ओरेस्तेला घाम फुटला. आपल्याला यातलं काहीच ठाऊक नाही, हे खरं सांगावं तर बाईंसमोर अब्रू जाणार. त्याने छत्री पाठीमागे लपवली. शेवटी क्लेलियाबाईच पुढे झाल्या.

"सोडा त्यांना. गाईड असते तर सकाळपासून एक तरी गोष्ट बरोबर सांगितली असती."

पोलीसबाईंनी खांबांकडे पाहिलं, ओरेस्तेकडे पाहिलं आणि त्या हसत निघून गेल्या. दंड वाचला, पण ओरेस्तेचं तोंड एवढंसं झालं.

"तुम्हाला पहिल्यापासून कळत होतं?"

"कलोसियमचं दार कुठंय, हे तुम्ही कॉफीवाल्याला विचारलंत तेव्हाच कळलं."

"मग ऐकत का होतात?"

"आमचे हे देवाघरी जाईपर्यंत सगळं बरोबरच सांगायचे हो. जेवतानासुद्धा. कंटाळले होते मी."

ओरेस्तेचा जीव भांड्यात पडला. त्याच आनंदात त्याने बसला छत्री दाखवली. या वेळी बस थांबली. दोघं चढली, आणि त्यांच्यामागोमाग अख्खा घोळकाही चढला. त्या चेंगराचेंगरीत, कुणाच्या तरी पिशवीखाली मान वाकवून, त्याने एकदाचं विचारलं, "क्लेलियाबाई, माझ्याशी लग्न कराल?"

"करीन की. पण आधी ती छत्री खाली घ्या. नाहीतर हे सगळे वरातीला येतील."