दीर्घिकेची धूळ आणि तांड्याचा सडा

रामीबाईच्या तांड्यातून दिवसभर गिट्टीचे ट्रक जात आणि धूळ घरात शिरे. सून शीला खोकून खोकून वाकली होती. डॉक्टर म्हणाले, औषधानं भागायचं नाही, रस्त्यावर डांबर पाहिजे. रामीबाईने अर्ज दिला. शासनाने विषय इतका गांभीर्याने घेतला की थेट धूळ-निरीक्षण कक्षाचे देवराव साहेब पांढरकवड्याहून एक फोटो घेऊन आले.

"आजी, ही शेजारची सर्पिल दीर्घिका. कित्येक लाख प्रकाशवर्षं दूर. अवरक्त, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात तिची धूळ कशी चकाकते पाहा! अशा धुळीतच तारे जन्मतात."

"जन्मू दे ना बापा! इथं माही सून मरून राह्यली, त्याचं बोल."

"तेच बोलतोय. नुसत्या डोळ्यांना दिसते ती धूळ शासन ग्राह्य धरत नाही. सोमवारी तसाच कॅमेरा आणतो."

सोमवारी पहाटेच रामीबाईने अख्खा तांडा कामाला लावला आणि वेशीपासून दारापर्यंत सडा टाकून घेतला. शीला धापा टाकत सासूला म्हणाली, "याडी, आपल्याले धूळच त दाखवाची हाय!"

"चूप बस वं! धूळ कुठी पळून जाते? पाहुण्याच्या पायाले माती लागली त नाक माहं कापल्या जाते."

ओला, गार रस्ता कॅमेऱ्यात काळाकुट्ट आला. चौकटीत चकाकत होती ती फक्त चुलीपुढून उठून आलेली रामीबाई. अहवाल झाला: 'धूळ निरंक. एक तप्त वस्तू आढळली. तिचा निरीक्षणात व्यत्यय येतो.'

"सायेब, उद्या या. सडा टाकत नाही मी!"

"असं कसं आजी? धूळ निरंक हा आता तांड्याचा दर्जा आहे. तो राखणं तांड्याची जबाबदारी."

डांबर रद्द झालं. रोज सडा टाकायचा आदेश निघाला. हापशीवरून पाणी आणायचं काम अर्थातच शीलाकडे आलं. वेशीवर 'धूळमुक्त आदर्श तांडा' असा फलक लागला आणि बघ्यांच्या गाड्यांची रांग लागली.

मागच्या रविवारी तुम्हीही आला होतात. ऊन कडक होतं, सडा वाळला होता. तुमच्या गाडीनं उडवलेल्या लोटात एक बाई हंडा खाली ठेवून खोकत बसली. तुम्ही काच बोटभर खाली करून विचारलंत, "आज सडा का नाही टाकला?" आणि लगेच काच वर केलीत. रामीबाई काय बोलली ते तुम्हाला ऐकू आलं नाही. तांड्याला आलं.