गिरधरदादांचा रडका फोनो

"आठ दिवसमा भाईदास आपला दारमा! नही उना तर मिशा काढी टाकसू!" कोरीटच्या गिरधर पाटलांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. गोष्ट सन पस्तीसच्या सुमाराची.

कौसाबाई धाकट्या दिराला पुरत्या ओळखून होत्या. बारा वर्षांमागे पोरीच्या लग्नात भाईदासला मानाचा फेटा बांधायचा राहून गेला आणि तो भर मांडवातून उठला. "आते तुन्हा मढाले खांदा देवालेच येसू!" असं म्हणून धानोऱ्याला सासुरवाडीच्या शेतावर जो गेला तो गेलाच! तेव्हापासून दादांना सणावाराचा घास गोड लागत नव्हता.

पण भाईदास म्हणजे गाण्याचा वेडा! म्हणून तर दादांनी सुरतेहून कर्ण्याचा फोनो, म्हणजे ग्रामोफोन, आणवला. चावी देता देता दंड भरून आले, सुई दोनदा बोटात शिरली, तरी पहिला सूर निघाला तेव्हा म्हाताऱ्याने पोरासारख्या टाळ्या पिटल्या. सगळं गाव लोटलं. धानोऱ्याचीही माणसं ऐकून गेली. भाईदास तेवढा नाही! आठाचे वीस दिवस झाले. मिशा जागच्या जागी राहिल्या आणि दादांचं तोंड मात्र सुतकी झालं.

विसाव्या दिवशी सकाळी त्यांनी विलापाची तबकडी लावली. राजा रणात पडलेला, राणी टिपेला पोचलेली, आणि नेमकी तिथेच सुई एका चिरेत अडकली. "हाय हाय! हाय हाय! हाय हाय!"

आता रडणं कानावर आलं की कोरीटच्या बाया आधी चूल विझवतात, मग पदर हनुवटीपर्यंत ओढतात आणि रडतच त्या दारात जाऊन बसतात. कोण गेलं हे विचारायचं नसतं. ते रडता रडता कळतं. शेजारची दगूबाई सगळ्यांत आधी पोचली, मागोमाग आठ-दहा जणी. दादा सुई उचलणारच होते, पण हे बघून हरखले.

"देख वं! फोनो आयकीसन बाया कश्या रडी ऱ्हायन्यात!" असं बायकोला म्हणत त्यांनी दणादण आणखी चावी दिली.

गेले काही दिवस दादांचं ते सुतकी तोंड पाहिलेलं, त्यामुळे कोण गेलं याची दगूबाईला शंकाच नव्हती. "दादा, आमले कसा सोडी गया रे!" तिने हंबरडा फोडला.

"कोठे गऊ? आठेच शे ना मी!"

पदर वर झाला. दगूबाई किंचाळली ती मात्र अगदी खरीखुरी!

बाकीच्या हसू लागल्या, पण कौसाबाईंचा चेहरा उतरला. "दगू, तुन्हा मालक कोठे शे?"

दगूबाईचा नवरा दोधू केव्हाच घोडीवर बसून धानोऱ्याकडे निघाला होता. भावाशिवाय मढं उचलत नाहीत, म्हणून पहिली खबर भावाला. दोधू रीतीला पक्का!

"आहो, त्याना मांगे मानूस धाडा! जिता शे म्हनीसन सांगा!"

दादा हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. येवू तर दे." त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, मिशांना तेल लावलं आणि ओट्यावर वाट बघत बसले.

भर दुपारी भाईदास आला. अनवाणी, बोडका, गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत. "दादा! मन्हा दादा! एक फेटासाठे कसाले रुसनू रे मी!"

दादांचे डोळे घळाघळा वाहू लागले. बारा वर्षांत भावाची 'दादा' अशी हाक कानी पडली नव्हती. ओट्यावरून उतरून त्यांनी धावत जाऊन भावाला मिठी मारली. "उना! मन्हा भाऊ उना!"

भाईदास मिठीतून मागे सरला. त्याने पांढरं धोतर पाहिलं, चकचकीत मिशा पाहिल्या. गल्लीत कोणीतरी फिसकन हसलं. तेवढं पुरलं!

"माले रडतांना देखाले बलावं का?"

"नही रे भाऊ, तो फोनो..."

"आते तू खरोखर मरशी तरी मी येवाव नही! उनू, रडनू, सरनं!"

तो पाठ फिरवून चालू लागला. दादा पाण्याचा तांब्या घेऊन गल्लीभर मागे धावले, निम्मं पाणी धोतरावर सांडलं. "इतला उन्हमा उना, पानी तरी पी!"

भाईदासने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मरेलना घरनं पानी पेतस नही!"