रविवारची हजेरी

तांडेलकाका रिकाम्या खुर्च्यांची हजेरी घेतात. दर रविवारी सकाळी दहाला, बोईसरच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात, प्लास्टिकच्या सात खुर्च्या मांडून.

"पाटील?" ते वहीतून वाचतात. खुर्ची गप्प. "सेकंड शिफ्ट," काकाच सांगतात आणि खूण करतात. दुपारची शिफ्ट सकाळी दहाला कशी आड येते, हे विचारायचं नसतं. "शर्मा? गावी गेलाय." शर्मा दीड वर्ष गावी गेलेला आहे.

हा जुन्या घरगुती कॉम्प्युटरांचा क्लब. सगळं यंत्र कीबोर्डातच, पडदा म्हणून घरचा टीव्ही, आणि प्रोग्रॅम चढवायचा तो गाण्यांच्या असत तसल्या कॅसेटवरून. काका मूळचे दातिवऱ्याचे. घरची होडी भावाकडे राहिली, काका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झाले. ते निवृत्त झाले, वर्षभरात काकी गेल्या. मग त्यांनी क्लब काढला.

कॅसेट फिरत असताना पंखा बंद आणि तोंडही बंद, हा क्लबचा एकमेव नियम. एकदा मी शिंकलो.

"झाला एरर! शिंकलास ना?"

"काका, शिंकेनं एरर कसा येईल?"

"होडीवर शिंकला तर जाल्यात मासा येत नाय. हा तर कॉम्प्युटर हाय!"

माळ्यावर सापडलेला वडिलांचा कॉम्प्युटर मी त्यांच्याकडे दिला, त्याला दोन वर्षं झाली. दर रविवारी काका तो उघडतात, काहीतरी घासतात, बटण दाबतात. पडदा काळा. "घाई नाय. पुढच्या रविवारी बघू." मग चहा आणि खारी.

मागच्या महिन्यात शर्मा मला बोईसर स्टेशनबाहेर भेटला.

"गाँव? नहीं यार, मैं तो इधरही हूँ. मेरावाला काका ने एक हफ्ते में बना दिया. फिर जाके क्या करना?"

पाटलांना फोन केला. त्यांचंही तेच. ज्याचं यंत्र चालू झालं, त्याची खुर्ची रिकामी झाली होती. माझं मात्र दोन वर्षं चालू होत नव्हतं. ते परत न्यायचं ठरवून मी पुढच्या रविवारी पिशवी घेतली आणि अर्धा तास लवकर गेलो.

दार उघडं होतं. काका माझ्याकडे पाठ करून बसले होते. टीव्हीवर माझ्या कॉम्प्युटरचा कर्सर लुकलुकत होता. त्यांनी एकेक अक्षर दाबून पाहिलं. सगळी उमटली. मग त्यांनी बटण बंद केलं, झाकण काढलं, एक चिप सॉकेटातून जराशी वर उचलून सैल केली आणि झाकण पुन्हा लावलं. उठून ते खुर्च्या मांडू लागले.

मी आवाज न करता जिना उतरलो, टपरीवर वेळ काढला आणि दहाला वर गेलो.

हजेरी झाली. सहा गैरहजर, सकारण. काकांनी बटण दाबलं. पडदा काळा.

"मेमरीचा लफडा दिसतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मग विचारलं, "तुला लवकर पायजे काय रे?"

मी पिशवीची घडी करून ती खुर्चीखाली सरकवली.

"घाई नाय, काका."

काकांनी वही पुन्हा उघडली आणि माझ्या नावापुढची खूण पेनाने आणखी गडद केली.