कॉफीचं माहेर

खुशालरावांनी तीस वर्षं अकोल्याच्या एका शाळेत भूगोल शिकवला. समुद्रसपाटीपासून जसजसं वर जावं तसतशी हवा थंड होते, हे त्यांनी हजारो पोरांकडून घोकून घेतलं होतं. तेच खुशालराव एप्रिलच्या एका सकाळी अंगणातल्या कुंडीपुढे उभे होते आणि त्यांना काहीएक सुचत नव्हतं. कुंडीत कॉफीचं झाड होतं. त्याची पानं कडेकडेने करपायला लागली होती.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोने, आशाबाईंनी, हे रोप चिखलदऱ्याहून मांडीवर धरून आणलं होतं. झाडाला बिया धरल्या की घरची कॉफी प्यायची, असा त्यांचा बेत होता. चिखलदरा कुठे, अकोला कुठे, चार महिन्यांत हे रोप राम म्हणणार, असं खुशालरावांनी तेव्हाच उंचीच्या आकड्यांसकट समजावून सांगितलं होतं. रोपाने ते ऐकलं नाही. दर उन्हाळा काढून ते वाढत राहिलं, आणि मागच्या वर्षी तर त्याला पांढरी फुलं आली. मग दिवाळीच्या तोंडावर आशाबाईच गेल्या. रोप मागे राहिलं आणि खुशालराव मागे राहिले.

त्यांच्याशिवायचा हा पहिला उन्हाळा होता. आशाबाई या झाडाला मे महिन्यात कसं जगवत, हे आपल्याला ठाऊकच नाही, असं खुशालरावांना आता कळलं. उन्हाळ्यात त्या महिना-दीड महिना अमरावतीला माहेरी जात. त्यांचे धाकटे भाऊ शेषराव गाडी घेऊन मुराळी म्हणून न्यायला येत. त्यांच्याशी उन्हाबद्दल दोन वाक्यं बोलून खुशालराव पुन्हा पेपरात शिरत, पुढे महिनाभर डब्यावर राहत आणि अंगणाकडे ढुंकूनही बघत नसत. बाईंनी कधी सांगितलंही असेल. पण तेव्हा मध्ये पेपर होता.

आता विचारायचं कुणाला? लग्न होऊन पुण्याला गेलेल्या मुलीचा, वर्षालीचा, रोज फोन यायचा. तिने एकदाच म्हटलं होतं, "बाबा, आईचं झाड आहे नं?" आहे, असं ते म्हणाले होते. एवढ्या एका शब्दासाठी ते झाड जगवणं भाग होतं.

त्यांनी कपाटातून शाळेचा जुना तापमापक काढला आणि अंगणाचं सर्वेक्षण सुरू केलं. एकाच अंगणात किती देश असतात ते पाहून ते थक्क झाले. पश्चिमेच्या भिंतीजवळ सेहेचाळीस, फाटकापाशी चव्वेचाळीस, टाकीच्या सावलीत बेचाळीस. टाकीची सावली मात्र दुपारी तीनला शेजारच्या माणिकबाईंच्या हद्दीत जायची. चार दिवस कुंडी सावलीमागे सरकवून त्यांची कंबर धरली.

मग त्यांनी घरातला कूलर उलटा फिरवला आणि त्याचं तोंड खिडकीतून अंगणाकडे केलं. झाडाला वारा मिळाला आणि खुशालराव आत उकडून निघाले. वर्षालीने फोनवर कूलर चालू आहे का विचारलं. चोवीस तास चालू आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

तरी पानं गळतच होती. शेवटी ते डोमाजी मंडपवाल्याकडे गेले. त्याच्याकडून बांबू आले, हिरवी जाळी आली आणि लग्नात मांडवाच्या तोंडाशी ठेवतात तो ढोलाएवढा कूलरही आला. जाळी अंगणभर ताणली गेली. डोमाजीची माणसं सवयीने फाटकाला आंब्याची डहाळी बांधून गेली आणि चार खुर्च्याही ठेवून गेली. खुशालरावांनी त्यातली एक झाडाजवळ घेतली आणि ते तिथेच बसून पेपर वाचू लागले. अंगणातला पारा अडतीसवर आला. कित्येक महिन्यांनी त्यांना जरा बरं वाटलं.

पण लग्नसराईत अंगणात मांडव पडला, कूलर आला, डहाळी लागली, की गल्लीला वेगळं काही सांगावं लागत नाही. पहिल्या दिवशी बँडवाला आपलं कार्ड देऊन गेला. दुसऱ्या दिवशी एक आचारी वांग्याच्या भाजीला किती माणसं धरायची ते विचारायला आला. घरात लग्नाचं वय झालेलं कोणी नाही, हे गल्लीला माहीत होतं. उरले एकटे खुशालराव. तिसऱ्या दिवशी माणिकबाईंनी कुंपणावरून विचारलं, "गुरुजी, पावणी कोणत्या गावची हाय?"

खुशालरावांची नजर कुंडीवर होती. "चिखलदऱ्याची," ते म्हणाले. "थंड हवेतली हाय, म्हणून एवढं करून राहिलो."

माणिकबाई मूळच्या अमरावतीच्या, शेषरावांच्याच गल्लीतल्या. बातमी अमरावतीला पोचायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात कूलरची टाकीही रिकामी झाली नसेल.

इकडे झाडाची दशा मात्र दिवसेंदिवस वाईट होत गेली. उरल्यासुरल्या पानांवर पांढरी पुटं चढली. अकोल्याच्या बोअरचं पाणी खारं, आणि त्या ढोल्या कूलरने आठवडाभर तेच झाडावर शिंपडलं होतं. हा खारपाणपट्टा त्यांनी स्वतः फळ्यावर रंगीत खडूने कितीदा काढला होता. तीन पानं उरली. खुशालराव ओल्या फडक्याने ती एकेक करून पुसत होते. आशाबाई गेल्या त्या दिवशी माणसांचा राबता होता, काय करायचं ते सांगायला सगळे होते. आज कोणीच नव्हतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. शेषराव आत आले ते तांबडेलाल होऊन. त्यांनी मांडव पाहिला, कूलर पाहिला, डहाळी पाहिली.

"भाऊजी, ताईले जाऊन वर्ष नाही झालं अजून. लोक काय म्हणतीन?"

"कशाले?"

"लग्नाले. माणिकबाईनं सांगतलं. चिखलदऱ्याची हाय म्हणे."

खुशालरावांनी बोटाने कुंडी दाखवली. शेषराव वाकले. तीन पानांची ती काडी त्यांनी ओळखली. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला आणि ते शेजारच्या खुर्चीत मटकन बसले.

"हे इथं काहून हाय अजून?" त्यांनी विचारलं. "हे तर अक्षय्यतृतीयेलेच आमच्याकडं येते दरवर्षी. ताई मांडीवर घेऊन बसे गाडीत. तुमाले माहीत नाही?"

माहीत नव्हतं. सहा वर्षं हे झाड त्यांच्या डोळ्यांसमोरून माहेरी जात होतं आणि परत येत होतं.

"मग या वर्षी न्यायला काहून नाही आले तुमी?" खुशालरावांचा आवाज जरा चढला.

"ताईच नाही, तं मुराळी कोणासाठी यावं?" शेषराव खाली बघत म्हणाले. "तुमी कसे हा, हेही विचारलं नाही मी. चुकलंच माझं."

तासाभराने दोघे शेषरावांच्या गाडीत बसले. कुंडी ओल्या गोणपाटात गुंडाळून खुशालरावांनी मांडीवर घेतली. माणिकबाई फाटकाशी उभ्याच होत्या. त्यांनी कुंडी पाहिली, आशाबाईंसारखी मांडीवर घेण्याची ती रीत पाहिली आणि काही न विचारता डोळ्यांना पदर लावला.

अमरावतीला शेषरावांनी त्यांना सरळ घरातून मागच्या अंगणात नेलं. खुशालराव तिथे पहिल्यांदाच येत होते. पस्तीस वर्षं या घरचे जवाई, म्हणजे पुढच्या खोलीत पंख्याखाली गादीवर बसायचं, चहा-पाणी तिथेच, जेवणाचं ताटही तिथेच. जवायाला मागच्या अंगणात कोण नेतं? घराची उत्तरेकडची उंच भिंत, वर कडुनिंब, कोपऱ्यात पाझरणारा रांजण. रांजणाजवळच्या ओल्या फरशीवर कुंडीच्या बुडाचा गोल डाग होता. डागाशेजारी एक ठेंगणा पाट होता.

"ताई इथंच बसे दुपारची. याच्याशी बोले," शेषराव म्हणाले.

खुशालरावांनी खिशातून तापमापक काढून भिंतीला टेकवला. बाहेर चव्वेचाळीस होते, इथे पस्तीस. उत्तरेची सावली, पाझरणारं पाणी, त्याचं बाष्पीभवन. ते भराभरा समजावून सांगायला लागले. शेषराव हसले.

"ताई म्हणे, मास्तरांले सांगतलं तं ते कारण समजावून सांगतीन, अन् तोवर झाड मरून जाईन."

 खुशालरावांनी कुंडी उचलून बरोबर त्या डागावर ठेवली. मग गुडघे धरून हळूच पाटावर बसले. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

आतून शेषरावांच्या बायकोचा आवाज आला. पुढच्या खोलीत चहा ठेवला होता, आणि जवाई गेले कुठे, असं ती विचारत होती.

"चला भाऊजी, पंख्याखाली बसा," शेषराव म्हणाले.

"नाही," खुशालराव म्हणाले. "पाऊस पडेपर्यंत मलेही इथंच ठेवा."