भोईर सरांनी वाटलेला त्रिकोण

भोईर सरांबरोबर समोसा खायला बसू नये. मी बसले आहे, म्हणून सांगते. शहापूरच्या आमच्या शाळेत ते गणित शिकवायचे आणि मी मराठी. मोबाइल अजून आमच्याकडे पोचले नव्हते, त्यामुळे मधल्या सुट्टीत माणसाला छळायला माणूसच लागायचा. सर समोसा बशीत आडवा ठेवत आणि टोकापासून पायाच्या बरोबर मध्यापर्यंत चमचा फिरवत. "दोन्ही तुकडे सारखे, बाई! पाया अर्धा-अर्धा, उंची तीच." एवढं म्हणून आपला तुकडा उचलूनसुद्धा मोकळे. क्षेत्रफळ असेल हो सारखं, पण बटाटा सगळा त्यांच्याकडे जायचा.

लग्नाच्या मांडवात पताका दिसल्या की हे खाली उभे राहून क्षेत्रफळ काढणार. मुख्याध्यापकांच्या नाकाचंसुद्धा काढलं होतं, तेही शिपायासमोर. "अर्धा गुणिले पाया गुणिले उंची, यात लाजायचं काय?"

या वेडाचं मूळ मुरबाडकडे, त्यांच्या गावात होतं. वडिलांमागे भाताचं तिकोनी शेत दोघा भावांत वाटायचं होतं. सरांनी टोकापासून नाल्याकाठच्या पायाच्या मध्यापर्यंत दोरी ताणली, बांध घातला आणि स्वतः अलीकडच्या तुकड्यात जाऊन उभे राहिले. धाकट्या पांडूला आला पलीकडचा, तिरपा, निमुळता. तेव्हापासून पांडूने बोलणं टाकलं. दर सुट्टीत सर त्याच्या अंगणात कोळशाने त्रिकोण काढून यायचे आणि पांडूची बायको त्यावरून शेण फिरवायची.

"क्षेत्रफळ समान हाय, बाई! त्याला कळतच नाय!" सर दर सुट्टीनंतर मला सांगायचे. "आई गेली तेव्हापण माझ्याशी बोलला नाय तो."

एकदा माझं डोकंच फिरलं. "अहो, क्षेत्रफळ गेलं खड्ड्यात! तुमच्या गावात वाटणी करणारा मागाहून उचलतो ना? आधी धाकट्याने निवडायचं. वाटलंतही तुम्हीच आणि उचललंतही तुम्हीच!"

"पण दोन्ही सारखेच होते..." सर म्हणाले. चेहरा असा पडला, की मलाच वाईट वाटलं.

"बाई, तुमी चला. मला एकट्याला जमायचं नाय," म्हणत रविवारी मला एसटीत घालून गावी घेऊन गेले. दहावीच्या वर्गाला चळाचळा कापायला लावणारा माणूस बांधावर माझ्या छत्रीआड लपत होता. पांडू शेतात राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, पालापाचोळा पसरत होता.

"पांडू, मी चुकलो रे. तुला इचारलंच नाय. आता तू निवड. म्हणशील तो तुकडा तुझा."

पांडूने हातातला पाला खाली टाकला. दोन्ही तुकड्यांतून सावकाश फिरून आला. मला वाटलं, गेला सरांचा ऐसपैस तुकडा.

"माझा हाय तोच ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "एवढं इचारायला इतकी वर्सं लावलीस का रे दादा?"

सर मटकन ढेकळांत बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. त्यांना काही केल्या आवरेना. पांडूने बखोटीला धरून त्यांना उठवलं.

"चल. भात निवंल. बाई, तुमीपण चला."